चौबळसाहेबांच्या लेकी

मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा परवा मेसेज आला. "स्मरणिकेसाठी एखाद्या अविस्मरणीय व्यक्तीवर लिहा ना, ताई. तुम्ही चौबळसाहेबांबरोबर इतकी वर्षं काम केलंत, त्यांच्यावरच लिहा की! इथल्या मराठी माणसांसाठी त्यांनी किती केलं!" खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल. मी तेव्हा चहा पीत होते. तो बेसिनमध्ये ओतून दिला.

अविस्मरणीय तर खरंच. मला अजून वेलदोड्याचा वास सहन होत नाही. आमच्याकडे शिरा, खीर, श्रीखंड सगळं बिनवेलदोड्याचं होतं. नवरा लांब अबुधाबीकडे, रुवैसला रिफायनरीत असतो, आठवड्याला एकदा घरी येतो आणि आल्या आल्या कुरकुरतो. मुलगा म्हणतो, "मॉम, धिस टेस्ट्स लाइक नथिंग." मी म्हणते, खा मुकाट्यानं. कारण वेलदोडा दाताखाली आला की मला चौबळसाहेबांचा हात दिसतो. पांढरा, मऊ, बोटात पुष्कराज, आणि तळव्यावर ती चांदीची डबी. "घ्या, आधी एक वेलदोडा तोंडात टाका. मग बोलू."

बरं, सेक्रेटरीबाई. लिहिते.

आमची फॅक्टरी दुबईजवळच्या अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, युनिफॉर्म शिवायची. शाळेच्या पोरांचे, हॉस्पिटलच्या नर्सेसचे, हॉटेलातल्या वेटरांचे, एअरपोर्टवर फरशी पुसणाऱ्या पोरींचे. मशीनवर बहुतेक सगळ्या बायका. नेपाळच्या, श्रीलंकेच्या, बांगलादेशच्या, आणि थोड्या आपल्या सोलापूरच्या. मी क्वालिटीला होते, अजूनही आहे. चौबळसाहेब एचआर आणि ॲडमिनचे मॅनेजर. राहायला दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, तळ्याकडे तोंड असलेला फ्लॅट. तिथून रोज अजमानपर्यंत गाडी हाकत यायचे, आणि ऑफिसात बसायच्या आधी शिलाईच्या हॉलमधून एक फेरी मारायचे. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर चंदनाची बारीक टिकली. मशीनच्या रांगांमधून जाताना एखादीच्या डोक्यावर हात ठेवायचे. "कशी आहेस, बेटा? खाना खाया?"

पोरी त्यांना बाबा म्हणायच्या. म्हणायच्या म्हणजे, म्हणायला शिकवलं होतं. नवीन बॅच आली की कँटीनमध्ये उभे राहून ते पहिलं वाक्य हेच बोलायचे, की इथे सर नाही, मॅनेजर नाही, मैं तुम्हारा बाबा हूँ. हा शब्द इथे सगळ्यांना कळतो, अरबांनासुद्धा. माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "माझ्या लेकी आहेत ह्या सगळ्या. देवानं मला एकच मुलगी दिली, बाकीच्या इथे पाठवल्या." ती एकुलती एक, सख्खी, त्यांना डॅड म्हणायची.

मला सुरुवातीला ते आवडायचे, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई आधीपासूनच वाकड्यात. छे! एकदा ऐन जुलैत एसी बंद पडला आणि इस्त्रीच्या टेबलाशी एक नेपाळी पोर चक्कर येऊन पडली. हा माणूस धावत आला, तिच्या पायांशी जमिनीवर बसला, स्वतःच्या रुमालानं तिचा चेहरा पुसला, स्वतः लिंबाचं सरबत करून चमच्यानं पाजलं. मी घरी जाऊन फोनवर नवऱ्याला सांगितलं, मॅनेजर असावा तर असा. गणपतीत त्यांनी नेपाळी आणि सिंहली पोरींकडून अख्खी आरती पाठ करून घेतली होती. टाळ्या वाजवत, शब्दांची मोडतोड करत त्या म्हणायच्या, आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी. ते खोटं नव्हतं. मला जास्त राग येतो तो त्याचाच. खोटं रडणारा माणूस ओळखता येतो हो. हा खरा रडायचा.

मग वर्षातून एकदा युरोपातल्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येत. कामगारांना नीट वागवता का, मारहाण, त्रास वगैरे काही नाही ना. एक गोरी बाई यायची, पोरींना एकेकीला बाजूला घेऊन विचारायची, तुला इथे सुरक्षित वाटतं का? आणि प्रत्येक पोर एकच उत्तर द्यायची, "बाबा है ना." बाईनं निघताना साहेबांचा हात हातात घेतला होता. साहेबांनी तिला डबी पुढे केली. "प्लीज. इंडियन माउथ फ्रेशनर."

पोरी राहायच्या त्या लेबर कॅम्पवरून त्यांना आणायला-न्यायला बसगाड्या होत्या, आणि त्यांचा इन्चार्ज होता मंदार. साहेबांचा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. तिशीचा, उंच, जिमला जाणारा, केसांना जेल. साहेबांनीच व्हिसा काढून आणलेला. साहेबांच्या घरीच जेवायचा, मामीच्या हातचं. ड्रायव्हर कमी पडला की स्वतः बस चालवायचा, आणि ओव्हरटाइमच्या दिवशी ड्रायव्हर नेमका कमी पडायचा. कॅम्पच्या दोन इमारती होत्या, दुसरी लांब. त्या लांबच्या इमारतीत थोड्याच पोरी राहायच्या. आता ह्याच्यापुढचं तुम्हाला कळलं असेल. मला कळायला वेळ लागला कारण मी बसनं जात नव्हते.

पहिली मालिनी. श्रीलंकेची, कॉलर शिवायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. एका सकाळी ओठ फाटलेला, डोळा काळानिळा. मी विचारलं तर ती नुसती रडायला लागली. तिची भाषा मला येत नाही, तिला हिंदी जेमतेम. मला एकच शब्द कळला, बस. मी साहेबांकडे गेले. डबी पुढे आली. "बसमधून उतरताना तोल गेला बिचारीचा. तिला घरची आठवण येतेय हो, आई आजारी आहे. मी तिला परत पाठवतोय, माझ्या खर्चानं."

चारच दिवसांत तिचं तिकीट आलं. आणि निघायच्या दिवशी सकाळी, चहाच्या सुट्टीत, साहेबांच्या मिसेस आल्या. नीलावहिनी. ठेंगणी, गोरी, अबोल बाई. पुण्याची. मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलायचं म्हटलं की घाबरायची. हातात वेताची परडी. परडीत नारळ, खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड. कँटीनमध्ये खुर्ची मांडली, मालिनीला बसवलं, हळदीकुंकू लावलं, आणि तिच्या ओढणीत ओटी भरली. साहेब हळुवार आवाजात सगळ्यांना हिंदीतून समजावत होते, हमारे में जब बेटी घर से जाती है, तो खाली हाथ नहीं जाती. मालिनीला काहीच कळलं नव्हतं. नारळ पोटाशी धरून ती फाटक्या ओठांनी हसण्याचा प्रयत्न करत होती. साहेबांनी फोटो काढले. दुपारी मंडळाच्या ग्रुपवर: "आज आणखी एका लेकीची पाठवणी. मन जड झालंय." खाली ओळीनं सगळ्यांचे हात जोडलेले. सेक्रेटरीबाई, तुमचेही होते.

त्यानंतर नेपाळची एक गेली. मग बांगलादेशची. प्रत्येक वेळी कुणाचा तरी तोल गेलेला, कुणाच्या तरी आईची तब्येत बिघडलेली, आणि प्रत्येक वेळी परडी घेऊन वहिनी. शेवटी शेवटी तर पोरींना गेटातून वहिनींची पांढरी गाडी आत येताना दिसली की मशीनचा आवाज बसायचा. एकमेकींकडे बघायच्या. आज कोण? नारळाची धास्ती घेतलेल्या बायका मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्या. बिचाऱ्या वहिनींना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण कुणाच्या तरी लेकीचं काहीतरी करतोय. परडी ठेवली की त्या पोरीच्या गालावरून हात फिरवायच्या आणि मराठीतच म्हणायच्या, "सुखानं जा हो, बाळ." पोरीला शब्द कळत नसत, वहिनींना डोळा काळानिळा का ते कळत नसे. साहेबांनी सांगितलेलं असे, पडली म्हणून.

शेवटी सोलापूरच्याच एका पोरीकडून मला मंदारचं नाव कळलं. मी साहेबांना तोंडावर सांगितलं, मंदारला काढा आणि पोलिसांत द्या. तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा कोरा झालेला पाहिला. मग लगेच हसू आलं. "मॅडम, तो माझ्या बोटाला धरून चालायला शिकलाय. तरुण मुलगा आहे, एकटा आहे, ह्या मुलीही काही कमी नाहीत. सेन्सिटिव्ह मॅटर आहे. घरातली गोष्ट घरात राहू दे." आणि दोन्ही हात झटकून, "खलास, विषय संपला." मी मालकांच्या ऑफिसात गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि चौकशी करण्यासाठी समोरच फोन लावला. चौबळसाहेबांना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता पद्मा. पद्मा सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही एकाच चालीत. नवरा यंत्रमागावर. इथे येताना तिनं आपल्या नणंदेलाही आणलं होतं, लक्ष्मीला. विशीतली पोर, अजून रस्ता ओलांडताना पद्माचा दंड धरायची. सासूला शब्द देऊन आणलं होतं, की हिला माझ्या डोळ्यांपुढं ठेवीन. दोघी त्याच लांबच्या इमारतीत.

एका ओव्हरटाइमनंतर मंदारनं बाकीच्यांना पहिल्या इमारतीशी उतरवलं आणि लक्ष्मीला पुढच्या सीटवर ये म्हणाला. पद्मा मध्ये उभी राहिली. तिला बडवली. गळा धरला. ती तरीही सोडेना म्हणून तिचा उजवा हात बसच्या दारात धरला आणि दार लावलं. दोन बोटं मोडली. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात! लक्ष्मी तेवढ्यात उडी मारून पळाली, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी मीच पद्माला क्लिनिकला नेलं. प्लॅस्टर झालं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल, इथूनच पोलिसांत जाऊ, मी आहे तुझ्याबरोबर. ती म्हणाली, "ताई, त्या मंदारनं सांगितलंय, तू बोललीस तर तुझ्यावरच केस होतीय म्हणून. परक्या बाप्याबरोबर बसमदी एकटी का होतीस म्हणून विचारतेत म्हणे. आन साहेबच की पोलिसाला समजावून सांगणार. पासपोर्ट बी साहेबाकडंच हाय." मी खूप समजावलं. ती म्हणाली, आज लक्ष्मीला विचारते, उद्या जाऊ. त्याच संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावून दुसऱ्या दिवशीचं तिकीट दाखवलं, आणि कॅम्पच्या वॉचमनला सांगून ठेवलं की तब्येत बरी नाही, हिला बाहेर सोडू नका. पासपोर्ट "सेफ कस्टडी"त. तिकीट एकीचंच. लक्ष्मीचं नाही.

पद्मानं मला फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, "मला माझ्या हाताचं काय न्हाई, ताई. पण लक्ष्मीला हितं कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ की? उद्या तीच बस, तोच मानूस. मी न्हाई जात." मी तिला म्हटलं, सकाळी तुला फॅक्टरीत आणतील निरोपाला. तिथून मी तुला बाहेर काढते, मग बघू कोण अडवतंय ते. कसं काढणार होते, देव जाणे. मला फक्त एवढं माहीत होतं की ती विमानात बसली की लक्ष्मीला वाचवायला कुणी उरणार नाही.

आणि इथे त्या माणसाची चूक झाली. त्याच्यासारख्याच माणसाकडून होणारी चूक. त्याला ओटी टाळता आली असती! गुपचूप गाडीत घालून विमानतळावर पोचवता आलं असतं. पण नाही. इतक्या परदेशी पोरींच्या ओट्या भरल्या आणि आपल्या मराठी पोरीची नाही भरली, असं कसं चालेल? मंडळात काय म्हणतील? आणि दुसरं, मराठी पोर म्हणजे समजूतदार, वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडणार नाही, ह्याची त्याला खात्री. उलट ह्या वेळी पैठणीच्या काठाचा खण आणला होता, आणि मंदारलाही बोलावून ठेवलं होतं, सामान उचलायला. तो दाराशी उभा राहून मोबाइल बघत च्युइंगम चघळत होता. शी!

दहाची चहाची सुट्टी. कँटीन भरलेलं आणि शांत. पद्मा खुर्चीवर, ओढणी गळ्याशी घट्ट गुंडाळलेली, उजवा हात ओढणीखाली. लक्ष्मी मागे, माझ्या शेजारी, माझा दंड धरून. वहिनींनी कुंकू लावलं. मराठी मुलगी म्हणून त्या बिचाऱ्या खुलल्या होत्या. "सोलापूरची का गं? माझी मावशी होती सोलापूरला. बरं, पदर धर बाई, दोन्ही हातांनी धर नीट." ओटी एका हातानं घेत नाहीत, हे पद्मालाही ठाऊक. ती घुटमळली. मग तिनं गळ्याची ओढणी सोडली आणि दोन्ही हातांनी पुढे पसरली. प्लॅस्टर वर आलं. गळ्यावरचे बोटांचे डाग उघडे पडले.

वहिनींचा नारळ हातातच राहिला. "अगंबाई, हे काय गं? हाताला काय झालं?"

साहेब पटकन म्हणाले, "पडली गं ती. तू आटप, एअरपोर्टला उशीर होईल."

"मी तिला विचारतेय," वहिनी म्हणाल्या. इतक्या ओट्यांमध्ये पहिल्यांदाच समोरच्या पोरीचं उत्तर त्यांना कळणार होतं. "सांग बाळ. कुठे पडलीस?"

पद्मानं एकदा मागे लक्ष्मीकडे पाहिलं. "पडले न्हाई, वैनी. मंदारनं हात बसच्या दारात धरला आन दार लावलं. गळा बी तेनंच धरला. ह्या पोरीला वढत हुता, मी सोडली न्हाई म्हणून."

च्युइंगमचा आवाज थांबला. वहिनी दाराकडे बघेनात, त्यांनी सरळ नवऱ्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"नीला, आपण घरी बोलू."

बस. एवढंच म्हणाला. नाही म्हणाला नाही, काय बोलतेय ही म्हणाला नाही. संसार केलेली बाई ती, तिला तेवढं पुरलं. तिनं वळून कँटीनमधल्या पोरींना आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "पहले जो गई, वो सब... वो भी ऐसेच?" कुणी हललं नाही. मग नेपाळची एक, इस्त्रीवरची, जिला ह्यानं चमच्यानं सरबत पाजलं होतं, तिनं मान हलवली. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळं कँटीन माना हलवायला लागलं.

वहिनींनी नारळ परत परडीत ठेवला. हातात घेतलेला ओटीचा नारळ परत ठेवणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. "ही ओटी मी भरणार नाही. तू कुठेही जात नाहीस." मग नवऱ्याला, "हिचा पासपोर्ट."

आणि त्या वेळी त्यानं काय केलं सांगू? मघापासून माझं अहोजाहो सुटत होतं, इथून पुढे ह्या माणसाला ते करणारच नाही. त्यानं खिशातून डबी काढली. स्वतःच्या बायकोपुढे धरली. तेच हसू. "नीला, शांत हो. एक वेलदोडा घे. मग बोलू."

मला खरोखर ओकारी आली. मी तोंडावर हात धरला. वहिनींनी ती डबी त्याच्या तळव्यावरून उचलली, झाकण लावलं आणि परडीत टाकली. मग त्याच्या शर्टाच्या खिशात हात घालून, विमानतळावर द्यायला ठेवलेला पासपोर्ट काढला आणि पद्माच्या डाव्या हातात दिला. मला म्हणाल्या, "तुम्ही येता का? मला पोलिसांशी बोलायला जमणार नाही. यल्ला, चला." त्यांच्या तोंडून 'यल्ला' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मंदार दारात आडवा झाला, "मामी, अहो मामी" करत. त्या त्याच्या अंगावरून गेल्या, दाराशी ठेवलेल्या खुर्चीला वळसा घालून जावं तशा. माझ्यामागे पद्मा, लक्ष्मी, आणि त्यांच्यामागे इस्त्रीवालीसकट आणखी सात-आठ जणी. त्या सगळ्या एका गाडीत कुठून मावणार? पण कुणी मागे राहायला तयार नव्हतं. मग मी माझीही गाडी काढली.

नेहमीचा फॅक्टरीचा रस्ता सोडला तर वहिनींना गाडी धड चालवता येत नव्हती. सगळ्या रस्त्याला लोक हॉर्न मारत होते. मध्येच त्यांच्या मुलीचा फोन आला, स्पीकरवर, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. "आई, व्हेअर आर यू? डॅड इज फ्रीकिंग आउट." वहिनी म्हणाल्या, "तुझ्या डॅडला सांग, मी पोलीस ठाण्यात आहे." अजून पोचायचं होतं, पण सांगून टाकलं.

ठाण्यात एक तरुण बाई ऑफिसर होती. तिला उर्दू येत होती. तिनं पद्माला पाणी दिलं, मला बोलू दिलं नाही. म्हणाली, जिच्यावर बेतलंय ती बोलेल. आणि पद्मा बोलली. साहेब भाषांतराला नव्हता, म्हणून सगळं बोलली. मग लक्ष्मी. मग इस्त्रीवाली. संध्याकाळी मंदारला उचललं, बॅग भरताना. त्याची बॅग भरायला मामा मदत करत होता, हे मला नंतर कळलं.

मंदार आत आहे. चौबळची चौकशी झाली, पण तो बाहेर राहिला. त्यानं कुणाला मारलं नव्हतं ना. त्यानं फक्त तिकिटं काढली होती, वेलदोडे वाटले होते. कंपनीनं प्रकृतीचं कारण दाखवून राजीनामा घेतला. आणि तुम्ही, सेक्रेटरीबाई, तुम्ही त्याला हॉलमध्ये बोलावून शाल आणि नारळ दिलात. ग्रुपवर फोटो होता. नारळ पोटाशी धरून तो उभा, डोळ्यांत पाणी. खरं पाणी. वहिनी त्या फोटोत नाहीत. त्या शारजात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक खोली घेऊन राहिल्या, केस संपेपर्यंत, साक्षीसाठी. लक्ष्मी त्यांच्याकडे शिकली मोदक करायला. पद्माची बोटं जुळली, पण वाकत नाहीत. मशीन आता जमत नाही तिला. ती माझ्या टेबलाला चेकिंगला बसते, डाव्या हातानं. एखादा टाका चुकला की सोलापुरी शिव्या देते, त्या इथे लिहिता येत नाहीत.

चौबळला शेवटचं पाहिलं ते एअरपोर्टवर. मी नवऱ्याच्या आईला सोडायला गेले होते. हा एकटाच, ट्रॉली, पांढरा शर्ट, टिकली. कायमचा चालला होता. चेक-इनच्या रांगेच्या कडेला एक पोर फरशी पुसत होती, निळ्या युनिफॉर्मात. तो युनिफॉर्म आमचा, मला लांबूनसुद्धा ओळखू येतो. चौबळ थांबला. खिसा चाचपला, डबी काही सापडली नाही. मग त्यानं हात वर केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "कहाँ से हो, बेटा? खाना खाया?"

"हात काढा!" मी ओरडले. अख्खी रांग वळली. सासूबाई दचकल्या. त्यानं हात काढला, मला ओळखलं, आणि छान हसला. दोन्ही हात जोडले. "अरे, तुम्ही! बघा ना मॅडम, जाताजाता इथेही एक लेक भेटली." आणि ट्रॉली ढकलत निघून गेला. लाज नावाची चीज नाही. त्याला खरंच वाटत होतं तसं. वाटतच असणार अजून.

ती पोर माझ्याकडे बघत होती. मॉपला टेकून, थोडी चिडून. नेपाळची असावी, चेहऱ्यावरून विशीचीसुद्धा वाटत नव्हती. "आंटी, आप चिल्लाए क्यों? बाबाजी तो अच्छे आदमी थे."

सासूबाईंना मी म्हटलं, जरा बसा हो, अजून वेळ आहे. मग त्या पोरीला मी बाजूच्या बाकावर बसवलं आणि जे तुम्हाला आत्ता लिहून पाठवतेय, ते सगळं तिला सांगितलं. मालिनीपासून.